पूर्ण एक दिवस बंद

कुहमो, ११ फेब्रुवारी १९९६

चि. रेइनोस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, आम्ही दोघं बरे आहोत. फोन लागत नाही म्हणून तू वैतागला असशील. घंटी वाजली की तुझा मेहुणा अर्मास भेदरतो, म्हणून मी फोन काढूनच ठेवलाय.

लिहायचं कारण फ्रीज. खालच्या बर्फाच्या कप्प्यात मागच्या पत्र्यावर दोन बोटं बर्फ साठलाय आणि वरच्या कप्प्यात दूध नासतंय. घेताना दुकानदार म्हणाला होता, याचा बर्फ आपोआप वितळतो. इथे वितळायचं नाव नाही! अर्मासचं इन्सुलिन त्यातच असतं, म्हणून जिवाला घोर. तीस वर्षं अख्ख्या ताम्पेरेचे फ्रीज दुरुस्त केलेस, आता जरा बहिणीकडेही बघ.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई,
साइमा

ताम्पेरे, १६ फेब्रुवारी

ति. साइमाताईस सा. न. वि. वि.

बासष्टाव्या वर्षी चिरंजीव म्हणणारं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही, तेव्हा काम करणं भाग आहे.

फ्रीज रिकामा कर, प्लग काढ आणि दारं सताड उघडी ठेव. पूर्ण एक दिवस. तीन-चार तासांत समोरचा बर्फ जातो, पत्र्यामागचा तसाच राहतो आणि गार हवेची वाट अडवतो. सुरीने टोकरू नकोस. मांस बाहेर ओसरीत ठेव, इन्सुलिन मात्र तळघरात. ते गोठलं की वाया गेलं. मग दाराच्या रबरात कागद धरून ओढ. सहज सुटला तर रबर गेलं. रबर धड असूनही आठवड्यात बर्फ परतला, तर बर्फ वितळवणारी आतली तापणारी तार किंवा ती ठरल्या वेळी चालू करणारं घड्याळ गेलं समज.

आणि ताई, तू नाताळालाही आली नाहीस, आता फोनही बंद. काय चाललंय?

तुझा,
रेइनो

कुहमो, २५ फेब्रुवारी

चि. रेइनोस आशीर्वाद.

कागद घट्ट बसतो. पण पूर्ण दिवस फ्रीज बंद ठेवणं मला जमलं नाही. तीनदा प्रयत्न केला. अर्मास चाळीस वर्षं वायरमन होता. लोंबता प्लग त्याला बघवत नाही. मी पाठ वळवली की परत लावतो. म्हणतो, लोकांच्या घरी अंधार होईल. परवा मी प्लग हातात धरून खुर्ची टाकून बसले. चार तासांनी तो रडायला लागला, तेव्हा मीच लावला. बर्फ परत आलाय.

विचारलंस म्हणून सांगते. जानेवारीत उणे अठ्ठावीसमध्ये तो नुसत्या मोज्यांवर रस्त्यापर्यंत गेला. तेव्हापासून दाराला कुलूप आहे. किराणा शेजारीण आणून देते. दुपारी त्याचा डोळा लागला की मी पत्रपेटीपर्यंत पळत जाते आणि पळत येते. तेवढंच माझं बाहेर. आरोग्य केंद्राची बाई म्हणाली होती, महिन्यातून एक आठवडा त्याला तिथे ठेवता येईल. मीच नको म्हटलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्याने मला कधी एकटं टाकलं नाही.

हे वाचून फाडून टाक.

साइमा

ताम्पेरे, २ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

फाडलं नाही. तीनदा वाचलं आणि स्वतःचाच राग आला.

गुरुवारच्या बसने तार आणि घड्याळ घेऊन येतो. शुक्रवारच्या बसने तू इकडे यायचंस, दहा दिवसांसाठी. वाद घालू नकोस, तिकीट काढलंय. इन्सुलिन टोचायला मी इथल्या नर्सकडून शिकून घेतलंय. बिचारीने माझ्या हातून संत्र्याला वीस सुया टोचून घेतल्या.

रेइनो

कुहमो, ११ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

फ्रीज सुरू झाला. प्लग काढताना मी भावोजींना सांगितलं की लाईनवर काम आहे, साहेब तुम्ही, पहारा तुमचा. दिवसभर प्लग मुठीत धरून बसले होते, जेवलेही एका हाताने. मागचा पत्रा काढल्यावर करपलेली तार माझ्याआधी त्यांनाच दिसली. मला म्हणाले, तू नवीन दिसतोस, शिकशील हळूहळू.

पहिले दोन दिवस तुझं नावही काढलं नाही. आज सकाळी विचारलं, ती बाई कुठे गेली? मी म्हटलं, विश्रांतीला गेली आहे. मग म्हणाले, बरं झालं, फार दमली होती, तिला लवकर बोलावू नका.

जसं बोलले तसं लिहिलंय.

रेइनो

ताम्पेरे, १४ मार्च

चि. रेइनोस आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन तळ्याकाठी बसले होते. पहिले चार दिवस मी तुझ्या घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दार उघडं असून पाय निघेना. काल पहिल्यांदा निघाले आणि रस्ता चुकले. दोन तास चुकतच फिरले.

आज आरोग्य केंद्राला फोन केला. एप्रिलपासून दर महिन्याला एक आठवडा त्याला तिथे ठेवायचं ठरलं. हो म्हणताना तोंड कडू झालं. त्या आठवड्यात मी काय करायचं, ते अजून कळत नाही.

सोमवारी येणार होते. तुला जमत असेल तर तीन दिवस उशिरा, गुरुवारी येते. हे वाक्य दोनदा खोडलं होतं, आता नाही खोडत.

त्याच्या पायात लोकरीचे मोजे घाल. माया असू दे, आम्हा दोघांवर.

ताई