अवेळी म्हटलेली बोळवण

आबा, तुमच्यावरची फिल्म परवा धुळ्यात पुन्हा दाखवली. संपल्यावर एकाने मला सांगितलं, "फिल्मने तुमच्या वडलांना खरा न्याय दिला." तुमच्या कॅसेटवरून कॉपी आणि त्या कॉपीवरून पुन्हा कॉपी करत ज्यांनी तुमचा आवाज चोपड्यापासून धुळ्यापर्यंत फिरवला, त्यांच्यातलाच तो एक. मी मान हलवली.

तो वैशाख आठवतो. पुण्याहून तिघं आलेत, कॅमेरा ओट्यावर मांडलाय. तुम्ही इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून बसलात, तर ते म्हणतात, रोजचे कपडे घाला. तुम्ही हसून म्हणालात, "रोज मी हाईच घालस," आणि तरी मुकाट्याने फाटकी बंडी चढवलीत. तिथवर सगळं गमतीत चाललं होतं. मग त्यांना कानबाईच्या बोळवणीचं गाणं हवं झालं. श्रावणात देवी बसते, दुसऱ्या दिवशी नदीवर जायला उठते, आणि ती उठल्यावरच आपल्याकडे ते गाणं म्हणतात. तुम्ही डफ खाली ठेवलात. "आते नई. देवी उठनी का मंगच म्हनतस हाई गानं." ते माझ्याकडे पाहू लागले. मी राहते त्या पिंप्राळ्याहून त्यांना मीच घेऊन आले होते, मला लाज वाटली. मी म्हणाले, "म्हणा ना आबा, कॅमेऱ्याला कुठे महिना कळतो?"

तुम्ही म्हटलंत, आणि तसं कधीच म्हटलं नव्हतं. ऐकून शेजारची अक्का पिठाच्या हातांनीच दारात आली, कॅमेऱ्याकडे न बघता तुम्हाला म्हणाली, "देवी आजून बसनी बी नई, अन् बोळवण?" त्या दिवसानंतर तुम्ही डफाला हात लावला नाहीत. मी आले की एकच विचारायचात, "ती कॅमेरानी पट्टी पुसता येस का?" मी नाही म्हणायचे. खरं तर मी त्या लोकांना एकदाही विचारलं नाही. आषाढात तुम्ही गेलात. त्या श्रावणात आपल्या घरी कानबाई बसलीच नाही.

फिल्म त्याच गाण्याने सुरू होते. मागून एक भारदस्त आवाज सांगतो की या गायकाला मरणाची चाहूल लागली होती, म्हणून त्याने अवेळी हे गाणं म्हणायचा हट्ट धरला. ऐकताना लोक डोळे पुसतात. आता लोक तो तुकडा उन्हाळ्यातही लावतात, लग्नाच्या मांडवातसुद्धा. तुमचा आवाज त्यात खरा आहे, बंडी उसनी नाही, फक्त ते एक वाक्य खोटं आहे. मला त्याचा राग यायला हवा होता.

हे पत्र तसंही कुठे टाकणार, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यावर फिल्मचं निवेदन लिहिणाऱ्याने मला विचारलं होतं, तो त्या दिवशी ओट्यावर नव्हता, की अवेळी हे गाणं कुणाच्या सांगण्यावरून म्हटलं. मी म्हणाले, आबांनीच हट्ट धरला.