धोंडप्पाची पाठ

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सृष्टीचा आज पुन्हा फोन. आमच्या डॉक्टर मंडळाची नवी सेक्रेटरी. "सर, रविवारच्या व्याख्यानाच्या स्लाइड्स पाठवा की." स्लाइड्स! विषय काय, तर मशिनं यायच्या आधी डॉक्टर रोग कसा ओळखायचे. त्याला स्लाइड्स कशाला? म्हटलं, एक खुर्ची दे आणि उघड्या पाठीचा एक माणूस दे. ती हसली. मी चेष्टा करत नव्हतो.

रविवार, ११ फेब्रुवारी

व्याख्यान झालं. हॉल भरला होता. व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. बाप खाणावळवाला, पिंपावर बोटं मारून आत दारू किती उरलीय ते ओळखायचा. पोरानं तेच माणसाच्या छातीवर केलं. लोक खूश. मग म्हटलं, आता करून दाखवतो, कोण बसतंय?

सृष्टीनं एक इंटर्न ठरवून ठेवला होता. तो उठायच्या आत पहिल्या रांगेतून धोंडप्पा उठला. "मी बसतो की! पोरांच्या पाठी काय वाजवतोस, जुनी वाजव." कॉलेजपासूनचा माझा दोस्त, जन्मभर अक्कलकोटात दवाखाना. शर्ट काढला, खुर्चीवर उलटा बसला. "अय्यो, लई गार हात हायत रे तुझे!" पुन्हा हशा.

डावी बाजू वरपासून खालपर्यंत पोकळ, छान. उजवी वर छान. मधे छान. खाली बोट ठेवून ठोकलं — भिंत! पुन्हा ठोकलं. भिंतच. आत पाणी साठल्याशिवाय असा आवाज येत नाही. आणि आमच्या वयात पाणी उगाच साठत नाही.

सगळा हॉल बघत होता. मी माईकवर म्हणालो, "स्वच्छ! दोन्ही बाजू स्वच्छ!"

टाळ्या. धोंडप्पानं मान वळवून हळूच विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "घोडा आहेस तू."

चारचौघांत काय सांगणार होतो? चहाला बाजूला घेऊन सांगू म्हटलं. चहाला त्याच्याभोवती गर्दी. मग शाल, नारळ, फोटो. मग कुणाच्या तरी गाडीत बसून तो गेलासुद्धा.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी फोन केला. त्यानं उचलला नाही. बरं वाटलं! लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

माझीच बोटं म्हातारी झाली असतील. बायकोची, रुक्मिणीची पाठ वाजवून पाहिली. पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा वैतागली — "मी भाकरी थापतेय, दिसत नाही?" तिची पाठ जशी वाजायला हवी तशीच वाजते. बोटं शाबूत आहेत. नसती तर बरं झालं असतं.

शेवटी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग माझ्या पाठीमागं काय लागलाय? त्यांच्याकडं जा."

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

गेलो. सांगायचंच ठरवून एसटीत बसलो होतो.

धोंडप्पानं दारातच मिठी मारली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आग्रहावर आग्रह. "उदय, रविवारपासून लई हलकं वाटतंय बघ!" इतका खुशीत त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन महाबळेश्वरला जायचं म्हणतो. मी तोंड उघडलं की चटणी वाढायचा. मी खात राहिलो.

स्टँडवर सोडायला आला. वाटेत दोनदा थांबला. दोन्ही वेळा कुणाशी तरी बोलायचं निमित्त. ती धाप होती, मला कळत होतं. तरी मुकाट्यानं गाडीत बसलो. भेकड! जन्मभर परक्या माणसांना वाईट बातम्या सांगितल्या, आणि आपल्या माणसापुढं तोंड शिवल्यासारखं झालं.

रविवार, १८ फेब्रुवारी

दानेश्वरीवहिनींचा फोन. धोंडप्पाची बायको. माझे आभार मानायला!

"भाऊजी, महिनाभर आडवं झोपता येत नव्हतं त्यांना. भिंतीला टेकून बसायचे. त्यांनाच संशय होता. सोमवारी सोलापुरात फोटो काढायचा ठरला होता छातीचा. पण म्हणाले, आपली पाठ आपल्याला वाजवून बघता येत न्हाय, आधी उदयच्या बोटांना काय लागतंय ते बघू. म्हणून तर बसले तितं! तुमी स्वच्छ म्हणालात, आणि सोमवारचं रद्दच केलं की."

म्हणालो, वहिनी, फोन त्याला द्या.

सांगितलं. माईकवर खोटं बोललो, परवा तुझ्या घरी जेवून गप्प बसलो, सगळं.

तो म्हणाला, "उजवीकडं? खाली?"