नसलेल्या हाताची मूठ

अप्पा, तुमच्या पणतूचा, माझ्या नातवाचा, उजवा हात कोपराखाली गेला. चाकणच्या कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली. तुमचाही उजवाच होता आणि तोही प्रेसनंच नेला, म्हणून तुम्हांला लिहिते आहे. घरात बोलले तर म्हातारीचं काहीतरीच, असं म्हणून सगळे विषय बदलतात.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं, पिंपरीत कारखाना म्हणजे नवलाई होती. पुण्याहून तुम्हांला लोखंडी आकडा बसवून आणला होता, खांद्यावरच्या पट्ट्यानं उघडमीट करणारा. चुलीपुढे बसून तुम्ही त्यानं पितळी पेला उचलता, चहा सांडतो, आई पुसते. मग आकडा काढून ठेवता आणि मला जवळ बोलावता. "हितं हात लाव," म्हणता. "मूठ अजून मिटती बघ." कोपराखालचं मांस माझ्या बोटांखाली जिवंत हलतं. त्यानंतर कितीतरी दिवस मला तुमच्या मांडीवर बसायची भीती वाटायची. तुम्ही मात्र खुशीत होता, कामावर परत घेतलं होतं ना. आई नको म्हणाली तर तिच्यावर खेकसलात. थोड्याच दिवसांत त्या आकड्यात मशीनचा पट्टा अडकला आणि त्यानं तुम्हांला आत ओढलं. हाताला कळलं असतं, लोखंडाला काय कळणार? तुम्ही गेलात आणि शेजारणीनं मला दिवसभर तिच्या घरात कोंडून ठेवलं.

आता तसे हात नसतात म्हणे. मांसातच बारीकशी वीज असते, स्नायू आवळला की उठते, कातड्यावर चिकटवलेल्या चकत्या ती टिपतात आणि बोटं मिटतात. ती वीज नीट उठली तरच हात बसवायचा, म्हणून काल तपासणी होती. मी हट्टानं बरोबर गेले. रिक्षात पोरगं सांगत होतं, हात बसला की कंपनी परत घेणार, त्याच प्रेसवर. तिथं हात आत राहू नये म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, पण माल लवकर निघावा म्हणून ही पोरं एका बटणावर टेप लावून टाकतात. आता तरी लावू नकोस म्हटलं, तर हसला. "आजी, सगळेच लावतात गं."

चकत्यांच्या तारा पडद्याला आणि टेबलावरच्या नव्या हाताला जोडल्या होत्या. पडद्यावर त्या विजेची एक रेघ होती, आडवी, निपचित. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसलेली मूठ मिट. तो घामानं भिजला, रेघ हलेना. सून डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, मीही घेत होते. मग रेघ उसळली. टेबलावर नुसता ठेवलेला तो हात, कुणाच्याही अंगावर न चढवलेला, आपला आपण मिटला. सुनेनं रडत मला मिठी मारली. म्हणाली, "आई, तुमचं देवानं ऐकलं."

हे कुठं धाडायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. रेघ हलू नये, असं मी मागत होते, अप्पा.