तुरे यंदा राहू देत

सूनबाई,

मी दवाखान्यात निघालेय. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. बाबांना आज घरी आणायचंय. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवून काही उपयोग नाही.

माळी आला तर खिडकीपुढचं तुऱ्यांचं गवत कापू देऊ नकोस. मीच त्याला बोलावलं होतं हे खरं. बुडाशी नवे कोंब फुटलेत, वाळलेलं आता काढायलाच हवं. बाबा दर वर्षी त्या जुडग्याला आपला जुना पट्टा आवळायचे, एका दमात कापायचे आणि म्हणायचे, "याची हजामत झाली, आता माझी कर."

परवा त्यांनी मला ओळखलं नाही. पण विचारलं, "बाई, आमचे तुरे आहेत ना अजून?" मी हो म्हटलंय.

खाट खिडकीकडे वळवून ठेव आणि उशाशी दोन उशा लाव. वाळलेल्या गवताखाली नवे कोंब दबले तर दबू देत. पुढच्या वर्षी तुरे आले नाहीत तरी चालेल.

आणि दारामागच्या खिळ्यावरचा पट्टा तेवढा कपाटात टाक. दिसला, तर कापायला उठू बघतील.

आई