पश्चिमेस बाबा

रविवार, २ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा कवींच्या बैठकीला गेलो. त्रेसष्टाव्या वर्षी! तेजूला, माझ्या लेकीला, जाऊन काल बारा आठवडे झाले.

बैठक दर महिन्याला असते. अनिलच्या हॉटेलच्या वर हॉल आहे, तिथे. अनिल माझा धाकटा भाऊ. हॉल त्याचा, चहा-भजी त्याची, म्हणून बॅनरवर त्याचा फोटोही.

तेजू चार वर्षं इथे कविता वाचायची. मला दोनदा बोलावलं होतं. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

एक गृहस्थ म्हणाले, 'एकच छोटीशी वाचतो' – चार वाचल्या. दुसऱ्यांनी कविता कशी सुचली ते दहा मिनिटं सांगितलं, कविता अर्ध्या मिनिटात संपली. प्रत्येक ओळ दोनदा म्हणतात. पहिल्यांदाच ऐकू आलेली असते! एक मुलगी मात्र उठली, मोबाइलमधून सरळ वाचलं, बसली. अक्षया. तेजूची मैत्रीण. ती वाचताना मी भजी खाली ठेवली.

शेवटी संदेशने जाहीर केलं – सात डिसेंबरला तेजस्वीच्या कवितांचं वाचन, नंतर चर्चा. संदेश मंडळाचा प्रमुख, कॉलेजात मराठी शिकवतो. मला म्हणाला, 'काका, तुम्ही फक्त पुढच्या रांगेत बसायचं. बोलायचं काही नाही.'

बरं म्हटलं. मला तेच जमतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

संदेश तेजूच्या कवितांची फाइल परत देऊन गेला. दहा निवडल्यात. समुद्राच्या तीन, आईवर दोन, बाकी अशाच. अकराव्या पानावर पेन्सिलीने फुली आणि बारीक अक्षरात – 'कौटुंबिक. नको.'

ती इथे उतरवून ठेवतो.

वारस नोंद

पूर्वेस काका, हातात फाइल.
पश्चिमेस बाबा, चष्मा पुसत.
दक्षिणेस टेबल.
उत्तरेस मी, दप्तर घेऊन.
या चतुःसीमेच्या आत आत्या.
आत्या विचारते, दादा, काय लिहिलंय?
बाबांना वाचता येतं.
बाबांना सगळ्यांचं वाचता येतं.
बाबा म्हणतात, कर सही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जेवलो नाही. हिला सांगितलं, पोट बरं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. दुसरं कोण वाचणार आहे.

सोळा वर्षांपूर्वी. पालीची आंब्याची बाग आजोबांची, वडिलांकडे आली. वडील गेले. वारस तीन – मी, अनिल आणि गोदा, आमची बहीण, राजापूरला दिलेली. अनिलने कागद तयार करून घेतले. गोदाला सांगितलं वारस नोंदीची सही आहे, तिघांची नावं चढतील. कागद हक्कसोडीचा होता, स्वतःचा वाटा सोडून दिल्याचा. मी जमीन मोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढली. झोपेत दिला असता तरी पहिल्या ओळीत ओळखला असता. आदल्या दिवशी मी तो पूर्ण वाचला होता. दोन पानं. शिक्क्यापर्यंत.

गोदाने मला विचारलं. अनिलला नाही, वकिलाला नाही. मला.

तेजू अकरा वर्षांची होती. शाळा सुटल्यावर तिला घेऊन तसाच गेलो होतो. मला वाटलं, पोरीला काय समजतंय!

पुढे गोदाला कळलं, बागेच्या कागदांवरून तिचं नाव काढलं गेलं. तेव्हापासून ती अनिलचं तोंड पाहत नाही. माझ्याशी बोलते. तिला वाटतं, अनिलने मलाही फसवलं.

सोळा वर्षं तिला तसं वाटू दिलं. बागेचा अर्धा भाग माझ्या नावावर आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

संदेशला फोन केला. अकरावी कविता घ्या म्हटलं.

तो म्हणाला, 'काका, चांगली आहे हो. पण तुम्हालाच त्रास होईल. आणि अनिलशेठ…'

म्हणजे फाइल आधी अनिलकडे गेली होती. फुली कुणाची ते विचारलं नाही.

'ती कोणी वाचणार नसेल तर मी वाचतो,' मी म्हटलं.

पलीकडून – 'तुम्ही?'

हो. मी!

बुधवार, १२ नोव्हेंबर

अनिल आला. चप्पल न काढता ओटीवरच बसला.

'दादा, तुझं डोकं फिरलंय. पोर गेली, मला काय दुःख नाय? पण पंचवीस लोकांसमोर घरातलं काढायचं?'

'कविता तिची आहे.'

'कविता कसली ती! नऊ ओळी. यमक तरी आहे काय कुठे?'

मला हसू आलं. तेजू गेल्यापासून पहिल्यांदा. त्याला ते फारच लागलं. उठला. 'हॉलला रंग काढायचाय. डिसेंबरभर बंद. कुठे वाचायची तिथे वाच.'

'इथे वाचू,' मी म्हटलं. 'आमच्या खळ्यात, घरापुढे.'

तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं की मी असं म्हणणार आहे.

तो गेल्यावर ही आतून आली. सगळं ऐकलं होतंन. मी कविता हिच्यापुढे धरली. हिने हातात घेतली नाही. 'मला पाठ आहे,' म्हणाली. 'तेजूने वाचून दाखवली होती, दोन वर्षं झाली.'

'मला का नाही? घाबरली?'

'घाबरायची कशाला? तुम्ही ऐकून गप्प बसला असतात. ते तिला बघायचं नव्हतं.'

रविवार, १६ नोव्हेंबर

संदेशने मंडळाची बैठक घेतली. म्हणे सहा जण येणार नाहीत. अनिलशेठना दुखवायचं नाही. पुढच्या महिन्यापासून हॉल कुठून आणायचा?

अक्षया मात्र संध्याकाळी खळं बघायला आली. पावलं टाकून मोजलंन. 'काका, चाळीस खुर्च्या बसतात. माइक नको. तुमचा आवाज कसा आहे बघू, वाचा.'

वाचली. दुसऱ्या ओळीपुढे आवाज जाईना.

ती म्हणाली, 'कवितेसारखं नका वाचू. ऑफिसात हे कसं वाचायचात?'

हद्द दाखवताना आम्ही चतुःसीमा मोठ्याने वाचतो. चारी बाजूंचे शेजारी उभे असतात. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर उद्या म्हणेल मला सांगितलंच नाही. मान वर करायची, त्या त्या बाजूच्या माणसाकडे बघायचं, मग पुढची दिशा. तसं वाचलं.

ही स्वयंपाकघरात होती. तिने नळ बंद केला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

एसटीने राजापूरला गेलो. गोदाला सांगायला हवं होतं. हे तिने कुणा तिसऱ्याकडून ऐकणं बरं नाही.

गोदाने बांगड्याचं तिखलं केलं होतं. दोनदा वाढलंन. 'किती रोडावलास रे दादा. तेजूची आठवण होते ना? मला पण. माझी एकुलती भाची ती.' मग नेहमीचं सुरू झालं. 'त्या अनिलला देव बघून घेईल. आपल्या दोघांना फसवलंन. तू साधा, तुला काय कळतंय असल्या लोकांचं!'

साधा! मी ताटात बघत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं. बाहेर आलं एवढंच – 'सात तारखेला ये. तेजूच्या कविता आहेत. एक मी वाचणार आहे.'

ती पदर तोंडाला लावून हसली. 'तू? कविता? मग येईनच हो!'

परतताना सबंध प्रवासात स्वतःला शिव्या घातल्या. पण एक ठरवलं. ती पहिल्या रांगेत असेल आणि मी मान वर करूनच वाचेन.

शनिवार, ६ डिसेंबर

अनिलचा निरोप आला: वाचलीस तर आपला संबंध संपला.

संपू दे.

रविवार, ७ डिसेंबर

खळं सारवलेलं. खुर्च्या चाळीस आणल्या, माणसं एकतीस. न येणाऱ्या सहांतले दोघे आले! संदेशही आला. उशिरा, मागे बसला. पाचला सुरुवात.

दहा कविता दहा जणांनी वाचल्या. समुद्राच्या कवितेवर एका बाईंनी डोळे पुसले. त्या तेजूला ओळखतही नसतील. मला राग आला नाही. माझं लक्ष गोदाकडे होतं. हिच्या शेजारी बसली होती, नवं लुगडं नेसून, प्रत्येक कवितेला मान डोलवत.

मग अक्षयाने माझं नाव घेतलं.

उभा राहिलो. भूमिका वगैरे काही सांगितली नाही. पूर्वेस काका. तिथे कोणी नव्हतं, तरी त्या बाजूला बघितलं. पश्चिमेस बाबा. इथे हात स्वतःच्या छातीवर गेला, कसा ते कळलं नाही. आत्या आली तेव्हा गोदाकडे बघून वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत तिच्याकडेच. आवाज कापला नाही. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला असणार.

मग चर्चा. जाड चष्म्याचे कवी म्हणाले, चार दिशा ही स्त्रीच्या कोंडीची प्रतिमा आहे. दुसरे म्हणाले, बाबा म्हणजे एक व्यक्ती नव्हे, ती व्यवस्था. तिसरे म्हणाले, चष्मा पुसणं फार सूचक. माझा जीव तडफडायला लागला. आयुष्यभर असंच तर केलं! कागदावर एक, सांगितलं दुसरं.

मी परत उभा राहिलो. 'प्रतिमा नाही,' म्हटलं. 'असंच बसलो होतो. बाबा म्हणजे मी. कागद हक्कसोडीचा होता, मी आदल्या दिवशी वाचला होता. बहिणीला सांगितलं नाही. ती बहीण ही इथे बसली आहे.'

माणसं गोदाकडे बघायला लागली. ते मला आधी सुचायला हवं होतं. तिला असं सगळ्यांसमोर – तेही चुकलंच.

गोदा उठली. पिशवी घेतली. माझ्यासमोरून गेली, एवढ्या जवळून की लुगडं हाताला लागलं. 'गोदा' म्हटलं. थांबली नाही. ही तिच्या मागोमाग एसटीपर्यंत गेली.

संदेश खुर्च्या उचलायला थांबला. जाताना म्हणाला, 'काका, फुली माझी होती. अनिलशेठनी फक्त सांगितलं होतं.' मग गेटची कडी नीट लावून गेला.

सोमवार, ८ डिसेंबर

गोदाने फोन उचलला नाही.

रविवार, १४ डिसेंबर

नाही उचलला. हिचा उचलते. ही विचारते तेवढ्यालाच हो-नाही, मग ठेवते.

बाजारात एक जण म्हणाला, 'काय मिळवलंत हो? बहीण पण गेली, भाऊ पण गेला.' मी म्हटलं, 'बहीण सोळा वर्षांपूर्वीच गेली होती. मी तिला सांगितलं नव्हतं, एवढंच.' म्हावरं घेतलं आणि ताठ मानेने घरी आलो. घरी आल्यावर मात्र बसून राहिलो.

तरीही वाचली ते बरंच केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाचेन. फक्त आधी तिला राजापुरात सांगेन. तिच्या घरात, ती ताट वाढायच्या आधी.

मंगळवार, ६ जानेवारी

रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. गोदाच्या वकिलाची. हक्कसोड फसवून घेतली, ती रद्द करून तिचा तिसरा हिस्सा द्या, नाहीतर दावा. एक नंबरला अनिल, दोन नंबरला मी. परिच्छेद सात: 'दिनांक ७ डिसेंबर रोजी तुम्ही नंबर २ यांनी राहत्या घराच्या खळ्यात एकतीस इसमांसमक्ष हक्कसोडीचा कागद आधी वाचल्याची कबुली दिलेली आहे.' चष्मा नीट लावून पुन्हा वाचलं. सोबत तेजूची कविता जोडली आहे, टाइप करून. गोदाला ती कुणी दिली ते विचारलं नाही. खाली शिक्का.

अनिलचे सकाळपासून अकरा फोन. वकील एकच करू म्हणतो.

ही म्हणाली, 'काय करणार?'

कागद घेतला, तिच्यासमोर उत्तर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: परिच्छेद सात खरा आहे. कोर्टात बोलवाल तेव्हा येईन.

सही केली.