बाटलीत उरलेल्या गोळ्या

कोपरगाव, सोमवार, १२ फेब्रुवारी १९७३

शांताच्या थुंकीत आज जंतू सापडले नाहीत. संध्याकाळपासून हेच मनात घोळवते आहे, तरी त्या बाटलीत उरलेल्या गोळ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

धाकटी बहीण माझी, क्षयाने अर्धी झालेली. जंतू औषधाला दाद देईनात, म्हणून डॉक्टरांनी नगरहून नव्या गोळ्या मागवल्या. याही लागू पडल्या नाहीत तर आपल्या हाती काही नाही, म्हणाले. त्या देण्याआधी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवरचे जाधवभाऊ म्हणाले, "जुनी बाटली आणा." मूठभर गोळ्या तशाच.

"या कशा उरल्या?"

शांता खाली बघत म्हणाली, "सोमवारी उपास असतो ना."

"जंतूंला उपास नसतो, ताई. तुमी मधे मधे सोडलं, ते औषधाला सरावले."

सोमवार मीच धरायला लावले होते. ती बरी व्हावी म्हणून! मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले. का?

तेव्हापासून जाधवभाऊ रोज खिडकीपाशी, स्वतःसमोर, तिला गोळी गिळायला लावतात. आज म्हणाले, "आता घरी घेतल्या तरी चालंल."

"नको भाऊ," शांता म्हणाली, "घरी ताई आहे. पुन्हा एखादं व्रत धरायला लावेल."

जाधवभाऊंना याचं नवल वाटलं नाही; म्हणजे त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. मी कसंबसं म्हटलं, "चुकलंच माझं." त्यावर शांता इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ येणार म्हणून मी पाण्याचा तांब्या उचलला.

उबळ आली नाही.