बँकेतले सगळे नवरदेव

नांदुरा,
डिसेंबर १९८९

तीर्थस्वरूप झुंबरआत्यास,

नांदुऱ्याहून शालूचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, चार दिवस खुर्चीत बसून कंबर धरली आहे. उरलेलं वाकणं भेटीत करीन.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? गाईनं वासराला जवळ घेतलं का? इकडे आई बरी आहे, आणि बाबा तुझं पोस्टकार्ड आल्यापासून बरे नाहीत. कार्ड असल्यामुळे पोस्टमननं ते आधीच वाचलं होतं. दारातूनच ओरडला, "आत्याबाई लय तापल्या हायत बाप्पा!"

तू लिहितेस की शालूनं भर मेळाव्यात इंद्रभानला खोटारडा ठरवला, आणि तुझी सोनाळ्याची जाऊ अन्नपूर्णाबाई आता तुझ्याशी बोलत नाही. आत्या, इंद्रभान तुझ्या जावेचा मुलगा, दिवाळीपासून त्याचं स्थळ तू माझ्यासाठी धरून बसली आहेस, तेव्हा तुझा राग मला समजतो. पण झालं काय ते नीट ऐक आणि मग काय बोलायचं ते बोल.

आपले शेषरावकाका समाजाच्या वधूवर मंडळाचे अध्यक्ष आहेत हे तुला माहीत आहे. (ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात.) त्यांनी अकोल्याला कुणाच्या तरी ऑफिसात कॉम्प्युटर पाहिला आणि यंदाचा मेळावा मशीनवरच होणार असं जाहीर करून टाकलं. मी अमरावतीहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन घरी बसलेलीच होते. काकांनी मंडळात मशीन आणवलं, मला त्याच्यापुढे बसवलं, मशीनला हार घातला, आणि मशीनच्या तोंडावर नारळ फोडायला निघाले तेव्हा मी मध्ये हात घातला. अजून सूज आहे.

आता हे मशीन चालतं कसं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यात दोन तक्ते भरले, एक मुलांचा, एक मुलींचा. नाव, गाव, उंची, शिक्षण, कामधंदा, असे खण. मग त्याला इंग्रजीत प्रश्न लिहून विचारायचा. सिलेक्ट म्हणजे काय दाखव, फ्रॉम म्हणजे कुठल्या तक्त्यातून, आणि व्हेअर म्हणजे अट काय. या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. काका त्याला कैरी म्हणतात. "शालू, एक कैरी टाक वं," असं ते दिवसभर ओरडायचे, आणि आलेल्या बायका मंडळात लोणचं घालणं चाललंय असं समजून आत डोकवायच्या.

मशीन हुशार आहे, पण माणसाच्या बोलण्यातली गोम त्याला कळत नाही. जनकाबाई आल्या, म्हणाल्या, "माह्या पोरीले डॉक्टर आन् इंजिनेर पोट्टे दाखव." मी तसंच लिहिलं. मशीन म्हणालं, एकही नाही. जनकाबाई भडकल्या, काका भडकले, मशीनला पंखा लावला. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात उजेड पडला. जनकाबाईंना डॉक्टरही चालत होता आणि इंजिनिअरही, पण मशीन बिचारं एकाच अंगात दोन्ही असलेला जावई शोधत होतं. तिथं 'आणि' नाही, 'किंवा' लिहावं लागतं. बदललं, तर भराभर नावं आली. दुसऱ्या एका बाईंना सून नोकरीवाली हवी होती आणि दिवसभर घरीही हवी होती. त्यांच्यासाठी मात्र 'आणि'ही चाललं नाही आणि 'किंवा'ही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी काकांनी मोठी कैरी मागितली. प्रत्येक मुलीपुढे तिला शोभेल असा मुलगा छापून पाहिजे. त्यासाठी दोन तक्ते जोडायचे, आणि जोडताना कशाच्या आधारावर ते सांगायचं, वय जमतं का, कूळ वेगळं आहे का, वगैरे. मी तक्ते जोडले आणि आधार सांगायचा विसरले. (तेवढ्यात आईनं पोह्यांची ताटली आणून ठेवली होती. पोह्यांवर शेव होती.) छपाईयंत्र कर्रकर्र करत सुटलं ते थांबेचना. कागद टेबलावरून उतरला, सतरंजी ओलांडून ओसरीवर गेला. पाहते तो प्रत्येक मुलीपुढे तालुक्यातला झाडून प्रत्येक मुलगा! सख्ख्या बहिणीपुढे सख्खा भाऊसुद्धा. मी कागद गोळा करू लागले, तर कलाबाई तिथंच उभ्या. त्यांची सिंधू उंच आहे, सावळी आहे, आणि बोलायला सडेतोड, त्यामुळे तीन वर्षांत तिला बघायला कुणी फिरकलं नव्हतं. कलाबाईंनी सिंधूच्या नावाचा तो लांबलचक पट्टा हातात घेतला आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, "मावशी, हे चुकून आलंय." तर म्हणाल्या, "असू दे वं माय. चुकून का व्हयना, आलं तं." पट्टा घडी करून घेऊन गेल्या. रात्री नीट आधार सांगून सगळी छपाई पुन्हा केली.

आता मेळाव्याचा दिवस. सकाळीच तुझी जाऊ माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, इंद्रभानला बँकेत क्लार्कची नोकरी लागली, फॉर्मात 'शिकतो' लिहिलंय ते बदल. चांगली बातमी होती, मी लगेच बसले. अशा दुरुस्तीत कामधंद्याच्या खणात 'बँकेत क्लार्क' लिही असं सांगायचं, आणि पुढे अट घालायची, की कुणाच्या? इंद्रभानच्या. पहिला भाग लिहून झाला होता. एवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी मागून माझी वेणी ओढून पाहिली, केस खरे आहेत की गंगावन ते. (सून बघायची ही रीत सोनाळ्याची की तिची एकटीची, ते तू कळव.) मी दचकले, बोट बटणावर पडलं, आणि अट राहून गेली. मशीननं विचारलंसुद्धा नाही. एका फटक्यात समाजातला प्रत्येक लग्नाळू मुलगा बँकेत लागला.

मला पत्ता नव्हता. याद्या छापून वाटल्या गेल्या, आणि आत्या, मंडपात काय आनंद पसरला म्हणून सांगू! मुलींचे बाप एकमेकांना टाळ्या देत होते. काका माईकवरून म्हणाले, आपला समाज पुढं चालला. आणि मुलं? हातात यादी, यादीत स्वतःचं नाव, नावापुढं बँक. एकही पोरगा बोलायला आला नाही. ज्याची पानटपरी तो बँकेत, ज्याचं काहीच नाही तोही बँकेत, आणि सगळे कॉलर ताठ करून बसलेले.

एकजणच आला. पांढरा सदरा, हातावर मातीच्या भेगा. यादी टेबलावर ठेवून हळूच म्हणाला, "ताई, माह्या नावात गडबड हाय. मी बँकीत नाई, मी वांगे पिकवतो. तुमच्या मशीनले वांगे चालत नसतीन तं शेती लिहा."

मी पडद्याकडं पाहिलं, तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक नावापुढं बँक. धावत काकांकडं गेले, तर ते कानात म्हणाले, "आता गप राय वं. आजचा दिवस निभू दे, मंग पाहू." मी म्हटलं, मग लग्नंच ठरतील, मुलींचं काय? काका माईकचा दांडा सोडेनात. तेव्हा तो वांगीवाला सरळ मंचावर चढला, काकांना नमस्कार करून माईक मागितला, आणि म्हणाला, "मायबापहो, मशीननं मले नोकरी देल्ली, तिचे आभार. पण मी बँकीत फक्त पासबुक भराले जातो. बाकीच्याईनं आपापलं सांगा." आधी एक आजी हसली, आणि मग सगळाच मंडप. एकेक करून पोरं उठली आणि आपापल्या खऱ्या धंद्यावर आली.

हाल झाले ते एकट्या इंद्रभानचे. तो उठून म्हणाला, मी खरंच बँकेत आहे, तर लोक पोट धरून हसले. नेमणुकीचा कागद सोनाळ्याला राहिलेला. जितका तो शपथा घेई तितके लोक जास्त हसत. शेवटी लालबुंद होऊन मंडपामागं जाऊन उभा राहिला. तिथं पाणी प्यायला आलेली कलाबाईंची सिंधू त्याला म्हणाली, "मले वाटते तुमी खरंच बँकीत असान. खोट्या माणसाले इतका राग येत नाई." मी स्वतः ऐकलं, कारण मीही तिथंच तोंड लपवून उभी होते.

तेव्हा आत्या, यात माझी चूक अर्धीच आहे, उरलेली अर्धी वेणीला लटकलेली होती. सर्व नोंदी मी फॉर्म पाहून पुन्हा भरल्या आहेत. काका दोन दिवस बोलत नव्हते, आता पुन्हा कैऱ्या मागतात. गुडघ्याला तिळाचं तेल लाव. सर्वांना नमस्कार, वासराला गोंजारणं.

तुझी,
शालू

ता. क. इंद्रभान सिंधूशी अर्धा तास बोलत होता. तो परवा नांदुऱ्याला येऊन गेला, मंडळात नाही, कलाबाईंकडं. तुझ्या जावेला हे तूच सांग, आणि माझ्यासाठी धरून ठेवलेलं स्थळ मोकळं कर. माझी काही तक्रार नाही.

ता. क. दुसरा. मग तुझं काय, असं तू विचारशील. तो वांगीवाला तुमच्या देऊळघाटचाच निघाला. तुळशीराम नाव, आईचं नाव मनकर्णाबाई, ओढ्यापलीकडं मळा. तू पाहिला असशील. नसशील तर पाहून ये. सहज म्हणून. आजच.

ता. क. तिसरा. आजच का, ते सांगायला हवं. तक्त्यात एक खण असतो, 'ठरलं' की 'नाही'. ज्याचं ठरलं तो पुढच्या कुठल्याही कैरीत निघत नाही. दुसऱ्या कुणाला सापडू नये म्हणून तुळशीरामच्या नावापुढं मी 'ठरलं' लिहून ठेवलं. त्याला अजून माहीत नाही. माझ्या बाबांनाही नाही. पण काकांनी मला न विचारता सगळ्या 'ठरलं'वाल्यांच्या नावानं मंडळाची अभिनंदनाची पत्रं छापून घेतली, सह्या केल्या, आणि ती याच टपालानं निघाली आहेत. मनकर्णाबाईंच्या हाती पडायच्या आत तू तिथं पोच. पत्रात वधूच्या नावाची जागा कोरी आहे. जाताना पेन घेऊन जा.